परीक्षा घेणाऱ्यांची शाळा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझ्या अब्बांनी त्रेचाळीस डॉक्टर पास केले. हा आकडा त्यांचा स्वतःचा. आमच्या नेऱ्याच्या जुन्या घरात दाराच्या मागच्या भिंतीवर कोळशानं ओढलेल्या रेघा होत्या, त्या मोजून ते हा आकडा सांगत. अब्बा चौथी शिकलेले. भातशेती, गावाची मुलाणकी आणि उरलेल्या वेळात शेरडांचा किरकोळ व्यापार, हा त्यांचा संसार. डॉक्टर पास करण्याचा अधिकार त्यांना कुणी दिला, असं तुम्ही विचाराल. तो त्यांना त्यांच्या हृदयानं दिला होता.

लहानपणी सांधे सुजून ताप येतो, तो बरा होतो, पण जाताना हृदयाच्या झडपेला चिकटून काहीतरी ठेवून जातो. अब्बांची डावीकडची झडप अशी आकसलेली होती. रक्त त्या अरुंद दारातून जाताना आवाज करी, आणि तो आवाज इतका स्वच्छ होता म्हणे, की पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी त्यांचा पत्ता वहीत टिपून ठेवला होता. वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि दिवाळीच्या सुमाराला, परीक्षा आल्या की कार्ड यायचं. अब्बा पहाटे उठून हिंजवडीपर्यंत चालत जात, तिथून एसटीनं पुण्याला. तेव्हा हिंजवडी म्हणजे ज्वारीची आणि हरभऱ्याची शेतं. आयटी पार्क वगैरे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. रुग्णालयात त्यांना स्वच्छ चादरीची खाट, दोन वेळचं जेवण, येण्याजाण्याचं भाडं आणि वर थोडे पैसे मिळत. आणि परीक्षेला बसलेली पोरं एकेक करून त्यांच्या छातीला नळी लावून जात.

याला डॉक्टर मंडळी 'लाँग केस' म्हणतात. विद्यार्थ्याला एक रुग्ण द्यायचा, तासभर वेळ द्यायचा, मग परीक्षक येऊन विचारणार: काय ऐकलंस, काय आजार आहे, कशावरून म्हणतोस? घाबरलेली पोरं काय करीत? हळूच खाली वाकून विचारीत, "बाबा, तुम्हाला काय झालंय म्हणून सांगितलंय?" अब्बांना आजाराचं इंग्रजी नाव तोंडपाठ होतं. ते पोराचा चेहरा बघून ठरवत, सांगायचं की नाही. बहुतेकदा सांगत. मग संध्याकाळी पोरगं पेढा घेऊन यायचं, आणि घरी आल्यावर भिंतीवर एक रेघ वाढायची.

मी तेव्हा नववी-दहावीत होतो. १९८६ सालच्या दिवाळीआधी मी अब्बांबरोबर गेलो होतो. त्या दिवशी आलेल्या एका विद्यार्थ्यानं अब्बांना आजाराचं नाव विचारलं नाही. त्यानं आधी हात धुतले, तळवे एकमेकांवर घासून ऊब आणली, मगच छातीला हात लावला. पायावर बोट दाबून बघितलं, खळगा पडतो का. घरात जेवायला काय असतं, गोळ्या कधी चुकतात, इंजेक्शनला दर महिन्याला कुणाबरोबर येता, सगळं विचारलं. अब्बांनी मध्ये आठ दिवस गोळ्या थांबवल्या होत्या, हे आम्हाला घरात ठाऊक नव्हतं. ते त्याला कळलं. मला जवळ बोलावून त्यानं नळीची टोकं माझ्या कानांत दिली. लब-डबच्या मध्ये, दूरवर जातं दळावं तशी घरघर होती. या सगळ्यात त्याचा तास संपला. परीक्षक आले. त्यांनी दोन प्रश्न विचारले. त्या घरघरीच्या आधी एक बारीक 'टक्' असा आवाज असतो, तो त्यानं सांगितला नाही. साहेब म्हणाले, पुढच्या खेपेला या.

अब्बा त्या रात्री जेवले नाहीत. "पोराला माझा आजार कळला होता," ते म्हणाले, "पण त्याला कळलाय हे साहेबांना कळलं नाही." पुढच्या वेळी कार्ड आलं, तेव्हा त्यांनी जायला नकार दिला. १९९४ साली ते गेले, आणि पुढे घर पाडून नवं बांधलं तेव्हा ती भिंतही गेली.

मी साधा बीए. कविता लिहितो. वैद्यकातलं मला काही कळत नाही. पण अब्बांचं ते वाक्य माझ्या डोक्यात इतकी वर्षं राहिलं, की परीक्षा घेणाऱ्याला परीक्षा घेणं कुणी शिकवतं का, हे मी शोधत राहिलो. त्या शोधात जे सापडलं ते आज सांगतो.

शिकणाऱ्याची कसोटी घेण्याची पद्धत आपल्याकडे फार जुनी. सुश्रुतानं शस्त्रक्रियेचा सराव कशावर करावा याची यादीच दिली आहे. कापायचा सराव कोहळ्यावर, दुधीवर, कलिंगडावर. भेद करायचा सराव पाण्यानं किंवा चिखलानं भरलेल्या पखालीवर, पट्टी बांधायचा सराव कापडाच्या बाहुल्यावर. रुग्णावर हात चालवण्याआधी भाजीवर चालवा, ही अक्कल दोन हजार वर्षांपूर्वीची. आणि हे सगळं झाल्यावरसुद्धा वैद्यानं राजाची अनुज्ञा घेऊनच व्यवसाय सुरू करावा, असं सुश्रुत सांगतो.

राजानं खरोखर परीक्षा घेतल्याची एक हकिकत बगदादची आहे. इसवी सन ९३१. खलिफा अल्-मुक्तदिरच्या कानावर आलं, की एका वैद्याच्या चुकीनं माणूस मेला. त्यानं हुकूम काढला: सिनान इब्न साबित या राजवैद्यानं तपासल्याशिवाय बगदादेत कुणी वैद्यकी करायची नाही. जुने अरबी चरित्रकार लिहितात, की आठशे साठहून जास्त वैद्यांची परीक्षा झाली. एका माणसानं एका शहरात इतक्यांना तपासायचं म्हणजे काय झालं असेल, याची कल्पना येते. त्यातली एक गोष्ट मोठी गमतीची आहे. एक रुबाबदार म्हातारा सिनानपुढे आला. सिनाननं त्याला मानानं बसवलं आणि विचारलं, आपले गुरू कोण? म्हाताऱ्यानं दिनारांची पुडी पुढे ठेवली आणि म्हणाला, मला लिहितावाचता येत नाही, पण घरात खाणारी तोंडं पुष्कळ आहेत, पोटावर पाय देऊ नका. सिनान हसला. म्हणाला, ठीक आहे, पण जे कळत नाही त्याला हात लावायचा नाही, रक्त काढायचं नाही, जालीम जुलाब द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी एक नीटनेटका तरुण आला. गुरू कोण? म्हणाला, माझे वडील. वडील कोण? काल आपल्याकडे येऊन गेले ते. सिनान म्हणाला, म्हणजे तूही त्याच पंथाचा! बरं, त्याच अटी तुलाही लागू.

परीक्षकांच्या सभेत ही गोष्ट सांगितली की सगळे हसतात, असा माझा अनुभव आहे. हसण्याचं कारण उघड आहे. दया, ओळख, वेळेची टंचाई, समोरच्याचे कपडे, या सगळ्यांचे मार्क परीक्षेत मिळतात, हे प्रत्येकाला आतून माहीत असतं.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. १८२६ साली जॉन मॅक्लेनन यांनी मुंबईत देशी भाषांतून वैद्यक शिकवणारी शाळा काढली होती, ती १८३२ला बंद पडली. नंतर १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज उभं राहिलं. शेजारी जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून झालेलं रुग्णालय. म्हणजे पुस्तक आणि खाट एकाच आवारात. प्राचार्य चार्ल्स मोरहेड. पहिली तुकडी १८५१ला बाहेर पडली, फक्त आठ जण. त्यात आपले भाऊ दाजी लाड होते, प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी एक असलेले आत्माराम पांडुरंग होते, अनंत चंद्रोबा डुकले होते, पुढे वनस्पतिशास्त्रात नाव काढलेले गोव्याचे लिस्बोआ होते. आठ विद्यार्थ्यांना शिक्षक सहा वर्षं रोज बघत होते. त्यांच्यापैकी कोण रुग्णाशी कसा वागतो हे कळायला वेगळ्या परीक्षेची गरजच नव्हती, असं मला वाटतं. आठाचे अडीचशे झाले, तेव्हा प्रश्न सुरू झाला.

पण त्याआधी एक मोठी गोष्ट झाली. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं, ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. म्हणजे काय, तर ते विद्यापीठ सुरुवातीची कित्येक वर्षं शिकवत नव्हतंच. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठानं फक्त परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची! आपल्याकडे विद्यापीठ म्हटलं की परीक्षा, हे समीकरण तिथून पक्कं झालं. ज्या संस्थेचं मुख्य काम परीक्षा घेणं, त्या संस्थेत परीक्षा कशी घ्यावी हे मात्र कुणी कुणाला शिकवत नव्हतं. एखादा माणूस निष्णात सर्जन झाला, प्राध्यापक झाला, की तो आपोआप उत्तम परीक्षक झाला असं धरून चालायचं. जणू उत्तम गाणारा माणूस आपोआप तबलाही उत्तम लावतो.

या समजुतीला पहिले धक्के परदेशात बसले. १९१३ साली अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोघांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून जास्त शिक्षकांना तपासायला पाठवली. भूमिती म्हणजे तरी ठाम विषय. मार्क आले तिशीच्या आतून थेट नव्वदीच्या वर. मग १९३५ला इंग्लंडमध्ये सर फिलिप हार्टॉग यांनी आपल्या सहकाऱ्याबरोबर एक पुस्तक काढलं, त्याचं नावच 'परीक्षांची परीक्षा' अशा अर्थाचं होतं. हे हार्टॉग आपल्याला परके नव्हेत. ढाका विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू, आणि कलकत्ता विद्यापीठाच्या चौकशीसाठी नेमलेल्या सॅडलर आयोगाचे सदस्य. आपल्या परीक्षांचं स्वरूप त्यांनी जवळून पाहिलं होतं. त्यांच्या प्रयोगात इतिहासाच्या पंधरा उत्तरपत्रिका होत्या. चौदा परीक्षकांनी त्या एकदा तपासल्या, आणि वर्ष-दीड वर्षानं त्याच परीक्षकांना त्याच पुन्हा तपासायला दिल्या. एकूण २१० निकाल. त्यातले ९२ बदलले! म्हणजे आधी नापास केलेला पास, पास केलेला नापास, असं. दोन माणसांचं पटत नाही हे एक वेळ समजू शकतं. इथे माणसाचं स्वतःशीच पटत नव्हतं.

त्या पुण्याच्या साहेबांना वर्षानं तोच विद्यार्थी, त्याच खाटेवर, पुन्हा दाखवला असता तर? हे वाचताना माझ्या मनात पहिल्यांदा तेच आलं. अब्बांना वाटलं होतं की साहेब दुष्ट. मला आता तसं वाटत नाही. साहेब सकाळी आठपासून उभे असतील, विसावा विद्यार्थी असेल. आणि काय बघायचं, कशाला किती मार्क द्यायचे, याचा कागद त्यांच्या हातात कुणी दिलेला नव्हता.

असा कागद हातात द्यायची कल्पना वैद्यकात यायला दुसरं महायुद्ध संपून काही वर्षं जावी लागली. १९५०च्या दशकात अमेरिकेत बफेलो या गावी जॉर्ज मिलर नावाच्या डॉक्टरांनी एक विचित्र वाटेल अशी गोष्ट केली. त्यांनी वैद्यकाच्या प्राध्यापकांना शिक्षणशास्त्राच्या माणसांसमोर विद्यार्थी म्हणून बसवलं. स्टीफन अब्राहमसन हे शिक्षणतज्ज्ञ त्यात होते. डॉक्टर लोकांना शाळामास्तरांचं शास्त्र शिकावं लागलं, तेव्हा किती नाकं मुरडली गेली असतील! पण तिथून एक नवी शाखा निघाली. आपल्याकडेही त्याच सुमाराला, १९५७ साली, बेंजामिन ब्लूम हे अमेरिकी प्राध्यापक भारतात आले होते आणि त्यांनी माध्यमिक शाळांच्या शिक्षकांसाठी मूल्यमापनाच्या कार्यशाळा घेतल्या होत्या. नुसतं पाठांतर मोजणारा प्रश्न वेगळा आणि विचार करायला लावणारा वेगळा, हे त्यांनी सांगितलं. गंमत पाहा. आपल्या शाळामास्तरांना हे १९५७ला ऐकायला मिळालं, मेडिकल कॉलेजांच्या प्राध्यापकांना त्यासाठी आणखी कित्येक वर्षं थांबावं लागलं.

त्यानंतर दोन कल्पना आल्या, त्या दोन्ही मला फार आवडतात. पहिली हॉवर्ड बॅरोज यांची, लॉस एंजेलिसमधली, १९६३ची. खऱ्या रुग्णाला परीक्षेसाठी पुन्हा पुन्हा दमवण्यापेक्षा एखाद्याला रुग्णाची भूमिका का शिकवू नये? त्यांनी चित्रकारांसाठी मॉडेल म्हणून बसणाऱ्या एका बाईला आजाराचं सोंग पढवलं. नंतर प्रत्येक विद्यार्थ्यासमोर तीच बाई, तीच दुखणी, तीच उत्तरं. सगळ्यांना प्रश्नपत्रिका एकच! दुसरी कल्पना स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांची, १९७५ची. एकच लाँग केस घेण्याऐवजी पंधरा-वीस छोटी ठाणी मांडायची. एका ठाण्यावर रक्तदाब मोजा, दुसऱ्यावर एक्स-रे वाचा, तिसऱ्यावर रुग्णाच्या बायकोला आजार समजावून सांगा. दर काही मिनिटांनी घंटा, की पुढच्या ठाण्यावर. प्रत्येक ठाण्यावर परीक्षकाच्या हातात एक यादी: हे केलं का, ते केलं का. याला 'ऑस्की' म्हणतात. आजकाल मेडिकलला शिकणाऱ्या कुठल्याही मुलीला विचारा, ती ऑस्कीच्या घंटेची नक्कल करून दाखवील.

मिलर यांनीच १९९० साली हे सगळं एका पिरॅमिडमध्ये मांडलं. तळाला 'माहीत आहे'. त्यावर 'कसं करायचं ते माहीत आहे'. त्यावर 'करून दाखवतो'. आणि टोकाला 'रोज, कुणी बघत नसताना, करतो'. आपली लेखी परीक्षा तळाला, ऑस्की तिसऱ्या पायरीवर. टोकापर्यंत पोचणारी परीक्षा अजून सगळेच शोधताहेत.

आपल्या देशात जागतिक आरोग्य संघटनेच्या पाठबळानं १९७०च्या दशकाच्या मध्यात पुदुच्चेरीच्या जिपमेरमध्ये वैद्यकीय शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं राष्ट्रीय केंद्र निघालं. देशभरातून थोडे थोडे प्राध्यापक तिथे जाऊन येत, आणि परत आल्यावर आपापल्या कॉलेजात एकटे पडत. १९९७ला मेडिकल कौन्सिलनं प्रत्येक कॉलेजात वैद्यकीय शिक्षणाचा वेगळा विभाग असावा असं सांगितलं. बरेच विभाग दारावरच्या पाटीपुरतेच होते, हे त्या क्षेत्रातली माणसंच खासगीत कबूल करतात. आपल्या राज्यात १९९८ला नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं, आणि पुणे, मुंबई, नागपूर या विद्यापीठांकडच्या वैद्यकीय परीक्षा एका छताखाली आल्या.

महाराष्ट्रात खरी हालचाल झाली ती २००५ साली, मुंबईत परळला. सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज, ज्याला आपण केईएमचं कॉलेज म्हणतो, तिथे. या कॉलेजलाही एक इतिहास आहे. १९२०च्या दशकात ते उभं राहिलं तेव्हा देणगीदारांची अट होती, की इथले सगळे शिक्षक भारतीय असले पाहिजेत. जीवराज मेहता हे तिथले सुरुवातीचे अधिष्ठाता, पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झालेले. शिकवणारा कोण, हा प्रश्न ज्या संस्थेच्या जन्मातच होता, तिथे शिकवणाऱ्यांची शाळा निघावी हे मला योग्य वाटतं. अमेरिकेत फिलाडेल्फियाला 'फेमर' नावाची संस्था २००० साली निघाली होती. परदेशी डॉक्टरांची पारख करणाऱ्या मंडळानंच ती काढलेली. तिचं भारतातलं पहिलं प्रादेशिक केंद्र परळला सुरू झालं. त्यामागे डॉ. अविनाश सुपे यांच्यासारखे शल्यचिकित्सक होते. दोन वर्षांची फेलोशिप. वेगवेगळ्या कॉलेजांतले प्राध्यापक येतात, विद्यार्थ्यांसारखे बाकावर बसतात, परत जाऊन आपल्या कॉलेजात एक प्रकल्प करतात. त्यातले कित्येक प्रकल्प परीक्षेबद्दलचे.

मग २००९ला मेडिकल कौन्सिलनं हे काम देशभर पसरवलं. ठरावीक कॉलेजं केंद्रं म्हणून नेमली, त्यात वर्ध्याजवळचं सावंगीचं कॉलेज होतं. तीन दिवसांची कार्यशाळा सगळ्या शिक्षकांना सक्तीची झाली. २०१९ला एमबीबीएसचा अभ्यासक्रमच बदलला. काय येतं यापेक्षा काय करता येतं, यावर भर आला. रुग्णाशी बोलणं, संमती घेणं, वाईट बातमी सांगणं, हे विषय अधिकृतपणे आत आले. २०२०ला कौन्सिल जाऊन राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला, पण ही वाट तशीच पुढे चालू राहिली.

त्या तीन दिवसांत शिकवतात काय? मी एका प्राध्यापक मित्राकडून समजून घेतलं. पहिली गोष्ट, प्रश्नपत्रिकेचा नकाशा. पूर्वी 'क्षयरोगावर सविस्तर लिहा' असा एक भला मोठा प्रश्न आणि चार टिपा, की झाला पेपर. कुठला धडा किती महत्त्वाचा, कुठल्या आजाराचे रुग्ण उद्या खरोखर समोर येणार, याचा हिशेब कुणी करत नसे. आता आधी तक्ता करतात, मग प्रश्न. दुसरी गोष्ट मला फारच हुशारीची वाटली. पर्यायी उत्तरांचा प्रश्न चांगला की वाईट, हे विद्यार्थ्यांच्या उत्तरांवरूनच ठरवतात. एकूण मार्कांत वर असलेली मुलं आणि खाली असलेली मुलं वेगळी काढायची. वरच्यांनी चुकवलेला प्रश्न खालच्यांनी बरोबर सोडवला असेल, तर दोष मुलांचा नाही, प्रश्नाचा. म्हणजे विद्यार्थी नव्हे, प्रश्नच नापास! मित्र म्हणाला, "वीस वर्षं माझे लाडके असलेले सहा प्रश्न पहिल्याच दिवशी नापास झाले. त्या रात्री मला झोप आली नाही."

तिसरी गोष्ट, पास कुणाला म्हणायचं. आपण सगळे पन्नास टक्क्यांवर वाढलो. पण अर्धं येतं म्हणजे नेमकं कुठलं अर्धं? बाळंतपणात रक्तस्राव थांबवायचं येतं आणि दुर्मीळ आजाराचं लॅटिन नाव येत नाही, तर चालेल. उलटं असेल तर बाई मरते. म्हणून काही गोष्टी अशा ठरवायच्या, की त्या आल्याच पाहिजेत, तिथे सरासरीला वाव नाही. इतकी साधी गोष्ट समजायला आपल्याला इतका वेळ का लागला, कोण जाणे.

काही वर्षांपूर्वी या मित्रानं मला फोन केला. म्हणाला, "तुम्ही कविसंमेलनात बोलता तसं नाही, साधं बोलायचं. आमच्या शिक्षकांच्या कार्यशाळेत रुग्ण म्हणून बसाल का?" मी होकार दिला. आमच्या मुळशीतच आता लवळ्याला २०२० साली मुलींचं मेडिकल कॉलेज झालंय, पिंपरीकडेही आहेत. मी गेलो त्या कॉलेजाचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या शिक्षकांची फजिती मला सांगायची आहे, आणि ती कुठल्याही कॉलेजात झाली असती.

मला एक कागद दिला होता. मी पंचावन्न वर्षांचा शेतकरी, तीन आठवडे चालताना छाती दाटते. तंबाखू खातो. आणि पैसे नाहीत म्हणून मी गोळ्या बंद केल्या आहेत, पण हे नीट विचारल्याशिवाय सांगायचं नाही. ती शेवटची ओळ वाचून मी थोडा वेळ गप्पच बसलो. मित्राला अब्बांबद्दल काही माहीत नव्हतं.

एक तरुण डॉक्टर विद्यार्थ्याच्या भूमिकेत आली. दहा मिनिटं तिनं मला तपासलं. बाजूला आठ प्राध्यापक बसले होते, त्यांनी कोऱ्या कागदावर दहापैकी मार्क दिले. कागद उघडले. तीनपासून आठपर्यंत! एकाच खोलीत, एकाच वेळी, एकच तपासणी बघून. मोठी हशा-टाळ्यांची लाट उठली, आणि मग अचानक सगळे गप्प झाले. तीन देणारे गृहस्थ म्हणाले, "मी फक्त छातीची तपासणी बघत होतो." आठ देणाऱ्या बाई म्हणाल्या, "मी तिचं बोलणं बघत होते."

मग त्यांना यादी दिली. काय काय बघायचं, कशाला किती. ती मुलगी परत आली, परत तपासलं. आता मार्क पाच ते सात. सगळ्यांना बरं वाटलं. पण एक ज्येष्ठ प्राध्यापक, निवृत्तीला आलेले, हात वर करून म्हणाले, "यादीत 'रुग्णाला अभिवादन केलं' असं आहे. तिनं नमस्कार केला, मी टिक केली. पण नमस्कार करताना ती यांच्याकडे बघत नव्हती, घड्याळाकडे बघत होती. त्याची टिक कुठे करू?"

यावर बराच वाद झाला. मला तेव्हा कळलं, की हा वाद जुना आहे. टोरांटोच्या संशोधकांनी १९९९ साली दाखवलं होतं, की अशा यादीवर अनुभवी डॉक्टरांना नवख्यांपेक्षा कमी मार्क पडतात. कारण अनुभवी माणूस वीस प्रश्न विचारत नाही, तो चार विचारतो, पण नेमके. म्हणून आता यादीबरोबर परीक्षकाचं एकूण मतही घेतात. म्हणजे फिरून साहेबांच्या मतावर आलो की काय? अगदी तसं नाही. आता ते मत कशाच्या आधारावर द्यायचं याची तालीम झालेली असते, ते एकाच साहेबाचं नसतं, आणि एकाच खाटेपुरतंही नसतं. हा फरक माझ्या दृष्टीनं फार मोठा आहे.

अडचणी आहेतच. एका वर्गात दोनशे-अडीचशे मुलं, वीस ठाणी, प्रत्येक ठाण्यावर तालीम झालेला शिक्षक. इतके शिक्षक आणायचे कुठून? मग घाईत ठाणी भरतात, याद्या नुसत्या टिकांनी रंगतात, लॉगबुकं शेवटच्या आठवड्यात एका बैठकीत भरली जातात. तीन दिवसांच्या कार्यशाळेनं तीस वर्षांची सवय जात नाही. प्रमाणपत्र भिंतीवर लागतं आणि पेपर जुन्याच वहीतून निघतो, असंही घडतं. मित्र हे सगळं सांगतो आणि पुढच्या कार्यशाळेची तयारी करायला बसतो.

त्या दिवशी संपताना त्यांनी मलाही एक कागद दिला. तो रुग्णासाठी होता. या डॉक्टरकडे पुन्हा यायला आवडेल का, तिनं तुमचं ऐकून घेतलं असं वाटलं का, असे चार-पाच प्रश्न, आणि शेवटी मार्कांचा चौकोन. गोळ्या मी बंद केल्यात, हे दोन्ही वेळा त्या मुलीनं विचारलं नव्हतं. पण दुसऱ्या वेळी उठताना तिनं माझ्या खांद्याला हात लावून, "चाचा, परत कधी येणार?" असं विचारलं होतं, आणि ते कुठल्याच यादीत नव्हतं. मी बराच वेळ तो चौकोन कोरा ठेवून बसलो. मग सहा लिहिले. कागद परत देताना मित्राला विचारलं, "हे मार्क धरता का?"

तो म्हणाला, "अजून ठरलेलं नाही."